उजवं चाक

नर्सबाईंची गाडी चौथ्याच दिवशी परत आली. बाईंनी ती गॅरेजच्या दारात आडवी लावली, खाली उतरल्या, दार धाडकन आपटलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ब्रेक मारला की ही बया डावीकडे पळते. आज एका सायकलवाल्याला थोडक्यात माझा पेशंट केला असता मी."

बाई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. दिवसाला बारा-तेरा घरं. त्यामुळे गाडी चालवायच्या वाऱ्यासारखी आणि थांबवायच्या भिंतीवर आदळल्यासारखी. चार दिवसांपूर्वी याच गॅरेजात त्यांच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांना नवे ब्रेक पॅड बसवले होते.

गॅरेज दोन भावांचं आणि त्यांच्या वडिलांचं. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा दारापाशी खुर्ची टाकून बसत आणि बसल्या जागेवरून दोघांना कामाला लावत. थोरला पन्नाशीला टेकलेला, धाकटा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. थोरला बोलायचा नाही आणि धाकटा थांबायचा नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला सरासरीने पुरेसं बोलणं मिळायचं.

ब्रेकचं काम दोघं एकदमच करत. गाडी जॅकवर चढली की थोरला उजव्या चाकाशी उकिडवा बसे आणि धाकटा डाव्याशी. बावीस वर्षं हाच शिरस्ता. मधे गाडी, अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा. एकमेकांचं तोंड दिसत नसे, फक्त पान्यांचा आवाज आणि धाकट्याची टकळी. एकाने दुसऱ्याचं चाक कधी उघडलं नव्हतं. तसा काही कायदा नव्हता, पण जेवताना भावाच्या ताटात हात घालत नाहीत, तसंच ते.

"डावीकडे?" अण्णा खुर्चीतून म्हणाले. "म्हणजे धाकट्या, तुझी बाजू."

"माझं नशीबच डावं," धाकटा म्हणाला आणि जॅक ओढायला गेला.

गाडी डावीकडे का ओढत असेल, याची थोरल्याला मात्र बाई बोलत असतानाच शंका आली होती, आणि शंका धाकट्याच्या बाजूची नव्हती.

ज्यांनी आयुष्यात कधी चाक खोललं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायलाच हवं. उतारावरून सामानाचा हातगाडा खाली न्यायचा असला की दोघं मागून धरून ठेवतात. दोघांनी सारखा धरला तर गाडा सरळ उतरतो. उजवीकडच्याने हात सैल सोडला तर गाडा डावीकडच्याच्या अंगावर वळतो. जो धरून ठेवतो त्याच्याच बाजूला गाडा जातो, आणि बघणारे शिव्याही त्यालाच देतात. मोटारीचं तेच. डावीकडे ओढते, म्हणजे एकतर डावा ब्रेक अडकून जास्त धरतोय, नाहीतर उजवा झोपा काढतोय. हे अण्णांनाही ठाऊक होतं, धाकट्यालाही. पण उजवं चाक थोरल्याचं होतं आणि थोरला चुकत नाही, हे या गॅरेजात सूर्य उगवतो इतकं ठरलेलं होतं. मग उरलं कोण?

धाकट्याने डावं चाक काढलं. पॅड काढून पाहिले, त्यांना धरणारा सांगाडा सरकतो का पाहिलं, रबरी नळी चिमटून पाहिली. "अण्णा, इथे सगळं लोण्यासारखं चाललंय."

"मग गाडी काय हौसेने वळते का?"

थोरला आपल्या बोटांकडे बघत उभा होता. गेले आठ महिने त्या बोटांची टोकं मेली होती. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. कप दोनदा हातातून सुटला होता. थंडीने होतं, असं तो घरी सांगायचा, आणि थंडी जाऊन उन्हाळा आला तरी सांगायचा. ब्रेक बसवताना पॅडचा सांगाडा ज्यांवर सरकतो त्या पिनांना ग्रीस लावावं लागतं. ते बोटानेच लावतात, आणि मग बोटं पुसून पॅडला हात लावतात. पूर्वी बोटाला चिकटपणा कळला की हात आपोआप फडक्याकडे जायचा. आता बोटांना काहीच कळत नव्हतं. तेव्हा बोटं पुसली होती का? आठवत नव्हतं. पॅडच्या चकतीवर घासणाऱ्या अंगाला ग्रीस लागलं तर तो पॅड चकतीला धरतच नाही, कामातून गेला, हे मात्र पक्कं.

बोलायला काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. हरकत होती ती अण्णांच्या नियमाची. ब्रेकमध्ये चुकलेला हात परत ब्रेकला लागणार नाही. इंजीन बिघडलं तर गाडी थांबते, ब्रेक बिघडला तर थांबत नाही, एवढंच त्याचं कारण ते सांगत. अकरा वर्षांपूर्वी अण्णांकडूनच ब्रेकचा एक बोल्ट नुसता हाताने फिरवलेला राहिला, पान्याने आवळायचा राहून गेला. कुणाला खरचटलंही नाही. पण अण्णा त्याच दिवशी उठले, हात धुतले आणि दारापाशी खुर्ची टाकून बसले. तेव्हापासून त्यांनी पाना उचलला नव्हता. असा नियम कुणी दुसऱ्याला लावला असता तर भांडता आलं असतं. स्वतःला लावून घेतलेल्या माणसाशी काय भांडणार! आणि थोरल्याला उजव्या चाकाशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. बोलणं येत नव्हतं, गिऱ्हाईक सांभाळणं येत नव्हतं. त्या चाकापाशी बसला की तो कुणीतरी होता.

"चालवून बघू," धाकटा म्हणाला. "दादा, चल."

मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी सहा वेळा जोरात ब्रेक मारला. सहाही वेळा गाडीने डावीकडे तोंड फिरवलं. धाकट्याने स्टिअरिंग सोडून दाखवलं. "बघ, कशी हट्टी आहे. माझ्या सासूबाईंचं वळण."

परत आल्यावर अण्णा म्हणाले, "थोरल्या, हात लाव."

ही थोरल्याची खासियत. जो ब्रेक जास्त धरतो तो जास्त तापतो, जो धरत नाही तो गार राहतो. दुसऱ्या गॅरेजांत त्याला यंत्र असतं. इथे थोरल्याची बोटं होती. चाकाच्या फटीतून बोट आत घालून तो ब्रेकच्या चकतीला क्षणभर टेकवायचा आणि कुठलं किती तापलंय ते सांगायचा. गिऱ्हाइकं कौतुकाने बघायची. नर्सबाईही आता बघत होत्या.

तो डाव्या चाकाशी वाकला आणि दोन बोटं आत घातली. काही नाही. उजव्याशी गेला, बोटं घातली. काही नाही. दोन्हीकडे सारखंच काही नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि काहीतरी सांगणं भाग होतं.

"दोन्ही सारखीच," तो म्हणाला.

"सारखीच?" अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग ब्रेक नाहीच. टायर बघा."

एका शब्दाने सगळी दुपार खाल्ली. धाकट्याने हवा मोजली, ती बरोबर होती. मग दोघांनी आपापलं चाक काढून डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं, कारण टायरचा दोष असेल तर ओढणंही बाजू बदलतं. गाडी डावीकडेच गेली. खाली सरपटत जाऊन धाकट्याने चाकाला धरणारे दांडे हलवून पाहिले, रबरं पहारीने दाबून पाहिली. घामाने निथळत बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाला काळं लागलं होतं आणि टकळी बंद होती. थोरला शेजारी उभा राहून त्याला पाने देत होता. डावा हात देत होता, उजवा खिशात होता. चहाच्या वेळी त्याने खिशातला हात हळूच बाहेर काढून पाहिला. मधल्या दोन बोटांच्या टोकांना पांढरे फोड आले होते, टरटरून फुगलेले. चकतीने चांगलंच भाजलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता. त्याने मूठ मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ही मूठ उघडली तर सगळंच जाणार होतं.

संध्याकाळी अण्णांनी निकाल दिला. "फिरून फिरून आपण तिथेच आलो. डावा जास्त धरतोय. धाकट्या, तुझ्याकडून काहीतरी राहिलंय आणि ते तुला सापडत नाही. उद्या दुपारी बाई येणार. तोवर गाडी सरळ झाली नाही तर उद्यापासून तू हवा भर आणि गाड्या धू. ब्रेकला हात लावायचा नाही."

"अण्णा, मी दोनदा..."

"नियम म्हणजे नियम."

धाकट्याने मान खाली घातली. थोरल्याने तोंड उघडलं, आणि जांभई दिल्यासारखं करून मिटलं. त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

घरी बायकोने बटणं सोडता सोडता फोड पाहिले. "अगं बाई! कशाने भाजलं?"

"कळलंच नाही."

"एवढं भाजतं आणि कळत नाही?" तिने त्याचा हात दिव्याखाली धरला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती काही दूधखुळी नव्हती. "ही थंडी नव्हे हो. दाखवून या कुणाला तरी. आणि घरच्यांना सांगा."

"बघू," तो म्हणाला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान माणसाला कडेला उभं राहायला जागा असते. याच्या पायाखाली तेवढीही नव्हती. बोललं तर उजवं चाक जाणार, गप्प बसलं तर भावाचं डावं जाणार. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर शेजारी उभा राहून पाने देतोय.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी गॅरेजात गेला. त्याला एक वाट सुचली होती. कुणाच्या नकळत उजवं चाक उघडायचं, पॅड साफ करायचा, चाक बंद करायचं, आणि गाडी आपोआप सरळ झाली असं म्हणायचं. गाड्या आपोआप सरळ होत नाहीत हे गॅरेजातल्या मांजरालाही ठाऊक होतं, पण बुडत्याला काडीचा आधार.

चाक निघालं. आतला पॅड त्याने उजेडात धरला आणि तिथेच बसला. काळपट तपकिरी पॅडवर मधोमध चकचकीत डाग होता, आणि डागात अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट उमटला होता की रेषा मोजाव्यात. हाताच्या काकणाला आरसा कशाला! बाहेरच्या पॅडवरही तेच, तिथे दोन बोटं. त्याने ग्रीस काढायचं औषध फवारलं, फडक्याने पुसलं, पॉलिश पेपरने घासलं. पण पॅड म्हणजे कच्च्या विटेसारखा, ग्रीस आतपर्यंत प्यायलेला. घासावं तसा खालून नवा डाग वर यायचा. नवे पॅड अण्णांच्या मागच्या कपाटात होते आणि किल्ली अण्णांच्या कमरेला. शेवटी त्याने साबणाने तीनदा हात धुतले आणि तेच पॅड परत बसवायला घेतले. बसवताना मनात आलं, हात स्वच्छ आहेत का? डोळ्यांना दिसत होते. बोटांना विचारलं तर बोटं काही बोलेनात. तीस वर्षं जी बोटं सगळं सांगायची त्यांनी आता पाठ फिरवली होती. त्याला रडू आलं, आणि ते आवरून तो शेवटचा नट आवळू लागला.

"दादा?"

धाकटा दारात उभा होता. थोरला गर्रकन वळला. "हवा बघत होतो," तो म्हणाला.

हवा बघायला चाकाचे नट सोडावे लागत नाहीत. धाकट्याची नजर थोरल्याच्या हातातल्या पान्यावर गेली आणि पान्यावरून बोटांवर. दोन फोडांपैकी एक आता फुटला होता. धाकटा बघत राहिला. डाव्या चकतीला आणि उजव्या चकतीला, दोन्हींना बोट लावणाऱ्या माणसाला भाजतं आणि तो म्हणतो सारखीच. तो एवढा वेळ गप्प राहिलेला थोरल्याने जन्मात पाहिला नव्हता.

"तू घरी जाऊन खाऊन ये," धाकटा शेवटी म्हणाला. "वहिनीने डबा दिला नसेल इतक्या लवकर. मी माझी बाजू परत एकदा बघतो."

थोरला गेला. पळून गेला म्हटलं तरी चालेल.

परत आला तेव्हा अण्णा खुर्चीत होते, आणि धाकटा हात पुसत गाणं गुणगुणत होता. "दादा, आता चालवून बघ."

थोरला एकटाच गाडी घेऊन मागच्या रस्त्यावर गेला. वेग घेतला, ब्रेक दाबला. गाडी सरळ गेली. दोरी ताणून धरावी इतकी सरळ. त्याच्या छातीवरचा दगड उतरला, पुरता एक क्षण उतरला. मग त्याच्या लक्षात आलं की गाडी अजून चालतेच आहे. पाय तळापर्यंत दाबलेला, आणि ज्या खांबापाशी काल ती थांबत होती तो खांब मागे पडला, त्याच्या पुढचं झाड मागे पडलं, तेव्हा कुठे ती थांबली. सरळच थांबली. त्याने काच खाली केली. डाव्या चाकातून जळक्या ग्रीसचा वास येत होता. बोटं मेली तरी नाक जिवंत होतं.

गाडी आत घेऊन तो भावाला मागच्या मोरीपाशी घेऊन गेला. "काय केलंस?"

"सरळ केली."

"डाव्या पॅडला ग्रीस चोपडलंस."

"मग काय करू?" धाकटा हळू आवाजात म्हणाला. "तुझा एक धरत नाही. माझा एकटाच धरतो म्हणून ओढतेय. माझाही धरेनासा केला, आता दोघं सारखे." त्याने थोरल्याचा हात धरून वर केला. "किती दिवस झाले?"

"आठ महिने."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

थोरल्याने हात सोडवून घेतला.

"ऐक दादा. मी अण्णांना सांगतो, माझी पिन अडकली होती. मी हवा भरेन, गाड्या धुईन. मला जीभ आहे, मी कुठेही तरून जाईन. तू त्या चाकाशिवाय काय करशील रे? बाईंना सांगतो, आठ दिवसांनी आणा, एकदा तपासू. तेव्हा दोन्हीकडे नवे घालू. तोवर सावकाश चालवा म्हणतो."

"बाई? आणि सावकाश?"

बाहेरून टॅक्सीचं दार आपटल्याचा आवाज आला. बाई सांगितल्या वेळेच्या तासभर आधी आल्या होत्या.

"झाली का माझी गाडी? टेकडीवरच्या वस्तीत एकाच्या पाठीला जखम चिघळलीय. दहा मिनिटांत पोचायला हवं."

"झाली, सरळ झाली," अण्णा म्हणाले. "काय होतं रे?"

"माझीच चूक, अण्णा," धाकटा म्हणाला. "पिन अडकली होती. बसवताना नीट पाहिली नाही." खोटं बोलताना तो नेहमी जास्त बोलायचा, आज मात्र मोजकंच बोलला.

मुलाला शिक्षा देताना अण्णांना काही आनंद होत नव्हता, त्यांचा आवाज बसला होता. "मग ठरलं तसं. ब्रेकचे पाने दादाकडे दे."

धाकट्याने कमरेचा पट्टा सोडला, त्यातले दोन पाने काढले आणि थोरल्यापुढे धरले. थोरल्याने हात पुढे केला नाही. बाई गाडीत बसल्या होत्या. टेकडीवरचा रस्ता चढताना काही होणार नाही, पण खाली येताना चार वळणं आहेत. पहिल्या वळणावर बाई पाय दाबतील, सवयीने, भिंतीवर आदळल्यासारखा. गाडी वळणार नाही, ओढणार नाही. सरळ जाईल.

किल्ली फिरली, इंजीन सुरू झालं. थोरला चार पावलं चालला आणि बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून गाडीसमोर उभा राहिला.

"गाडी जाणार नाही," तो म्हणाला.

"अहो, माझा पेशंट!"

"बाई, उतरा. या गाडीला ब्रेक नाहीत. उजव्या पॅडला ग्रीस लागलंय. मी लावलं. चूक माझी आहे. याने माझी चूक झाकायला स्वतःच्या पॅडलाही लावलं."

धाकटा म्हणाला, "दादा, गप्प बस." अण्णा खुर्चीतून उठले.

"भावाला पाठीशी घालतोस?" अण्णांचा आवाज चढला. "लहानपणीही त्याने काच फोडली की तू मार खायचास. ते मी तेव्हा चालवून घेतलं, आता नाही. ग्रीस लागलेली बोटं तुला कळत नाहीत? तुला? काल सगळ्यांदेखत हात लावून सांगितलंस की दोन्ही सारखी तापलीत!"

"मला कळत नाही, अण्णा. बोटांना काहीच कळत नाही."

"खोटं."

खरं बोलायला एवढा उशीर केला होता की आता ते कुणी खरं मानेना. थोरल्याने हात पुढे करून फोड दाखवले. अण्णा म्हणाले, गॅरेजात भाजतंच.

बाईंनी इंजीन बंद केलं. त्या उतरल्या, फोडांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला. मागच्या सीटवरची पिशवी उघडून त्यांनी सुईचं पाकीट फोडलं. "बसा इथे," त्या थोरल्याला म्हणाल्या. "डोळे मिटा. मी बोटाच्या टोकाला टोचते. टोचलं की 'हो' म्हणायचं. जोरात टोचणार नाही, घाबरू नका."

थोरला उपड्या डब्यावर बसला. डोळे मिटले. हात गुडघ्यावर ठेवला. रस्त्यावरून एक मोटार गेली. धाकट्याने नाक ओढलं. थोरला कान देऊन, सगळं लक्ष बोटांत गोळा करून वाट बघत होता. आपल्याला कळलं तर बरं, असं त्याला अजूनही वाटत होतं. एकदा तरी टोचू दे, म्हणजे अण्णांना सांगता येईल की सगळंच काही गेलेलं नाही. बराच वेळ गेला. शेवटी त्याच्याने राहवेना.

"सुरू करा ना, बाई."

त्याने डोळे उघडले. त्याच्या पाचही बोटांच्या टोकांवर रक्ताचा एकेक थेंब उभा होता.

"झालं," बाई म्हणाल्या. "पाचही झाली."

अण्णा ते थेंब बघत होते. त्यांनी कमरेची किल्ली काढून धाकट्याकडे दिली. "दोन्ही बाजूंना नवे घाल," ते म्हणाले. धाकटा कपाटाकडे गेला. बाईंनी फोन करून पेशंटच्या घरच्यांना उशीर होईल असं कळवलं, आणि मग थोरल्याची बोटं कापसाने पुसत त्याला उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घ्यायला बजावलं. तो हो-हो म्हणत होता. त्याचं लक्ष तिकडे होतं, जिथे धाकट्याने डावं चाक पुरं केलं, हात पुसले, गाडीला वळसा घातला आणि क्षणभर घुटमळून उजव्या चाकाशी उकिडवा बसला. एका माणसाने दोन्ही बाजू करायला दुप्पट वेळ लागला. थोरला शेवटपर्यंत उभा राहिला. आता सांगायला काही राहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला हलकं वाटत होतं, आणि इतकं वाईट वाटत होतं की हलकं वाटण्याची लाज वाटत होती.

"चालवून बघायला कोण येतंय?" बाईंनी विचारलं. धाकटा पान्यांची पेटी आवरण्याचं नाटक करू लागला. अण्णांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

थोरला बाईंच्या शेजारी जाऊन बसला. मागच्या रस्त्यावर बाईंनी वेग घेतला आणि त्यांच्या पद्धतीने, भिंतीवर आदळल्यासारखा, ब्रेक मारला. गाडी खांबाच्या कितीतरी आधी, जागच्या जागी, सरळ थांबली. थोरला पुढे फेकला गेला आणि त्याचा खांदा समोरच्या फळीवर आपटला. धाकट्याचं काम चोख झालं होतं, दोन्ही बाजूंचं.

बाईंनी वळून पाहिलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं बाई! लागलं का हो?"

"हो," थोरला म्हणाला. "लागलं."